उंदराच्या कानाशी आलेला श्वास

ये गं सुमन, पत्र वाचताना मनानं तरी जवळ सरक. भरल्या दिवसांत तुला धाप लागते, हे मला ताईकडून कळावं? मावशी मेली का तुझी? ऐक आता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, आमचे हे तिथं कामाला, म्हणून साताऱ्याकडून येऊन आम्ही चिंचवडात एका खोलीत राहत होतो. मला नववा लागलेला. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, एकच धाक: "उताणीच नीज. कूस बदललीस की नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळती." थोरल्या जाऊबाईंचं बाळ तसंच गेलेलं, म्हणून मी उलट बोलत नव्हते. पण उताणी पडले की छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. माझाच श्वास मला पुरेना, आतल्या जिवाला कुठून पुरणार? देव ऐकतो म्हणतात, मला तर त्याचीही शंका यायला लागली होती.

एका सकाळी गणपतीच्या देवळात गेले. गाभाऱ्यासमोर दगडी उंदीर. त्याच्या कानात गाऱ्हाणं सांगितलं की देवापर्यंत पोचतं, अशी रीत. गुडघे टेकून, उंदराला मिठी मारून ओणवी झाले आणि काय सांगू, बोलायच्या आधीच श्वास आला! भाता फुलावा तसा. सरळ होऊन पाहिलं, गेला. परत ओणवी झाले, आला. मला तर गंमतच वाटली.

मागं ताटकळलेली एक अनोळखी बाई वैतागली. "अगं बये, सगळं रामायण त्यालाच सांगतीस व्हय? आमालाबी बोलायचं हाय!" कारण सांगितलं तशी हसली. "मग उताणी कशाला निजतीस? मी कुशीवरच निजायची, पाठीला गोधडी लावून." नाव विचारीन तोवर ती उंदराच्या कानाला लागली होती.

घरी वळकटीवर तशीच ओणवी झाले आणि आत्याबाईंचा हात माझ्या पाठीवर ठेवून घेतला. श्वास त्यांच्या तळव्याखाली वरखाली होत राहिला. म्हणाल्या, "उंदराचं ऐकलंस, माझं न्हाई!" पण कुशीवर निजले तेव्हा पाठीला गोधडी त्यांनीच लावली. "कूस बदलताना मात्र आधी उठून बसायचं." एवढी त्यांची भीती मी राखली.

लेक झाली, रडून आळी डोक्यावर घेतली. त्या बाईला देवानं धाडलं की ती आपल्याच गाऱ्हाण्याला आली होती, मला ठाऊक नाही. माझं मागणं तर तोंडातच राहिलं. वाकले, तेवढंच त्याला पुरलं.

धाप बसूनही थांबली नाही तर दवाखाना गाठ, देवावर ढकलू नकोस. आणि लवकर ये. वळकटी आहे, पाठीवर हात ठेवायला मी आहे.