रेवतीने कोरा सोडलेला पट्टा

देवावर रुसायला माणूस आधी भाविक असावं लागतं, आणि तशी मी होते. मुलगी आजारी पडली तेव्हा रोह्याच्या आमच्या घरी मी सकाळ-संध्याकाळ जप केला, उपास केले, ज्यांनी जे सांगितलं ते सगळं केलं. रेवती अडतिसाव्या वर्षी गेली. त्या दिवसापासून मी देव्हाऱ्यातलं निरांजन लावलं नाही. शेजारच्या वहिनी रोज एक फूल ठेवून जात. मी त्यांना अडवलं नाही, एवढंच.

बागांचे आराखडे करणं हा माझा व्यवसाय. मी सुरुवात केली तेव्हा आमच्या भागात या कामात दुसरी बाई नव्हती. साइटवर पोचले की मुकादम माझ्यामागच्या रस्त्याकडे बघत विचारायचा, "साहेब मागून येतायत का?" पुढे राजवाड्यांच्या बागा, समाध्यांभोवतालच्या आमराया, किल्ल्यांतले हौद आणि पाट, जे जे बुजलं होतं ते उकरून, जुनी कागदपत्रं वाचून मी पुन्हा उभं केलं. लोक नावाजू लागले आणि माझ्या डोक्यात हवा गेली, हे आता कबूल करायला हरकत नाही. रेवती माझ्याच हाताखाली शिकली. ती कागदावर जागा मोकळी सोडायची आणि मी म्हणायची, "आळशी आहेस गं तू." ती नुसती हसायची.

तिचं शेवटचं काम पेणच्या खाडीकाठच्या एका देवीच्या बागेचं. देवळामागे तळं आणि तळ्याभोवती फुलबाग, फार जुनी. देवीची रोजची फुलं तिथूनच यायची. रेवती आजारी होती त्याच पावसाळ्यात उधाणाने खाडीचा बांध फुटला, खारं पाणी चार दिवस बागेत उभं राहिलं आणि सगळी झाडं मेली. पाठीला उशी लावून, अंथरुणात बसून तिने नव्या बागेचा आराखडा काढला. त्यात तळ्याच्या कडेचा मोठा पट्टा कोराच राहिला होता. त्यावर पेन्सिलीच्या काही फिकट, तिरक्या रेघा होत्या. हात थरथरला असेल, बिचारीचं काम अर्धं राहिलं, असं मी समजले. ती गेल्यावर तो पट्टा मीच बकुळीने भरून काढला. बांध फुटल्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात माती तपासून घेतली, अहवाल चांगला आला, आणि चाळीस रोपं लावली.

दिवाळीपर्यंत रोपं तरारून आली. मग पानांच्या कडा करपू लागल्या. मी खत घातलं, पाणी वाढवलं, मेलेल्यांच्या जागी नवी आणली. एक दिवसाआड रोह्याहून एसटीने पेणला आणि तिथून सहा आसनी रिक्षाने देवळाशी जायची, पण देवळात पाऊल टाकायची नाही. पौष संपेपर्यंत निम्म्याहून अधिक रोपांच्या काड्या झाल्या. विश्वस्तांनी अगदी नम्रपणे कळवलं की चैत्रातल्या जत्रेपर्यंत बाग धरली नाही, तर तिथे फरशी घालून मंडप बांधू. माझी लेक गेली होतीच, आता तिचं शेवटचं कामही जाणार होतं. मी देवीला मनातल्या मनात म्हटलं, एवढं तरी ठेवायचं होतंस.

तिच्या वर्षश्राद्धाला आठवडा राहिला होता. त्या सकाळी मी हार मानूनच गेले. विश्वस्तांना सांगायचं, तुमची फरशी घाला, आणि परत यायचं, असं ठरवलं होतं. पण पाय निघेनात म्हणून तळ्याच्या पायरीवर बसून राहिले. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई पिशवी सावरत आली आणि शेजारी टेकली.

"का गो बाय, अशी का बसलीस?"

मी विचारलं, "तुम्ही इथल्या का?"

"नाय गो. पेनच्या स्टँडवर चुकीच्या रिक्षात बसले. भाचीकडं जायचं व्हतं, हितं येऊन पोचले. म्हटलं आलेच हाय तर देवीच्या पाया पडू."

तिचा जन्म मिठागरात गेला होता. टाचांच्या भेगा बघूनच ते कळत होतं. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं, मुलीचंही. तिने ऐकून घेतलं, उठली, एका वाळल्या रोपाच्या बुडाशी बोट खुपसून माती काढली आणि सरळ जिभेवर ठेवली. मग थुंकून म्हणाली, "खारी हाय. पावसानं वरची धुतली, आतलं मीठ हाय तसंच. उनं तापली का वर येतं. बांध फुटला का आमी तीन पावसाळं काय लावत नाय. पावसाचं पानी कोंडून ठेवायचं आन् ओहोटीला उघाडीतनं सोडून द्यायचं. माती गोडी झाली का मंग लावायचं."

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. ती तळ्याच्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाली, "ती बग उघाडी. आन् पानी जायची वाट तू झाडांनी भरलीस."

मी पिशवीतून रेवतीचा कागद काढला. तिरक्या रेघा एकूण एक त्या कोपऱ्याकडे जात होत्या. माझ्या पोरीचा हात थरथरला नव्हता. तिने पाण्याची वाट काढून ठेवली होती, आणि मी, तिची आई, तिची गुरू, ते दुखणं समजून खोडून टाकलं होतं.

त्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "पोर शानी व्हती गो तुजी," आणि देवीच्या पाया पडून आली. परतीची रिक्षा उभीच होती. मी नाव विचारलं तर म्हणाली, "नाव घेऊन काय करतेस? भाची जेवायची थांबली असंल," आणि गेली.

त्याच दुपारी मी विश्वस्तांसमोर उभी राहून, चूक माझी आहे, असं सांगितलं. उभ्या आयुष्यात असं वाक्य मी कुणासमोर बोलले नव्हते. तीन पावसाळे ही जागा मोकळी ठेवा आणि मग रेवतीच्या कागदाप्रमाणे लावा, अशी विनंती केली. वयस्कर अध्यक्षांनी मान खाली घातली. "मॅडम, हे आम्हाला ठाऊक व्हतं. बांध फुटल्यावर आमची शेतं पन तशीच ठेवतो. पन तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कोन सांगनार?" त्यांनी फरशीचा विषय तिथेच बंद केला.

ती बाई चुकीच्या रिक्षात का बसली, याचा मी फार विचार करत नाही. बसली, एवढं मला पुरे आहे. आयुष्यभर मी हातात असेल ती जागा भरत राहिले. काही जागा पाण्यासाठी आणि काळासाठी सोडायच्या असतात, हे लेकीला माझ्याआधी कळलं होतं. तीन पावसाळ्यांनंतरची बाग बघायला मी असेन की नाही, देवी जाणे. माझं वय झालं आहे, आणि त्याचं भयही आता वाटत नाही.

विश्वस्त गेल्यावर मी देवळात गेले. काही मागायचं नव्हतं. देवीसमोर बसून तिला एवढंच सांगितलं, "माझी पोर बरोबर होती." आणि वर्षभर अडवून धरलेलं रडू तिच्यासमोर मोकळं केलं.