माय म्हणायला बंदी

आमच्या मोठ्या मामंजींइतकं बोलणारं माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरं नसेल, हे मी पैजेवर सांगते. माझ्या सासऱ्यांचे हे थोरले भाऊ. जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. मामंजी शेतातून निघाले की आधी त्यांचा आवाज यायचा, मग पागोटं दिसायचं आणि बऱ्याच वेळानं मामंजी पोचायचे. कारण वाटेत भेटेल त्याच्याशी, कुणी नसलं तर बाभळीशी, बोलून यायचं असायचं. आणि बाईमाणूस कुठलंही असो, धाकटी नात, बाजारातली माळीण नाहीतर मी, घरातली नवी सून, सगळ्यांना हाक एकच, "ये माय!" "ये माय, पाणी दे." "काय गं माय, जेवलीस का?" ठेच लागली तरी मायच.

घरच्या बांडी गाईलाही तेच. धारेला बसताना पाठीवर थाप मारून "सोड गं माय" म्हणाले की तिनं पान्हा सोडलाच म्हणून समजा. पण तो शब्द तिच्या इतका अंगवळणी पडला, की मामंजी ओसरीवर कुणालाही माय म्हणाले तरी इकडं गोठ्यात तिच्या सडांतून दूध टपकायचं. एकदा लग्नाचं बोलावणं करायला बायकांचा घोळका आला. मामंजींनी एकेकीला "या माय, बसा माय" केलं, आणि गोठ्यात चिखल झाला.

आता हसू येतं, पण त्यात एक दुखरी गोष्ट होती. मागच्या वेताला बांडी आटलीच नव्हती. पोटात वासरू, आणि ही विण्याच्या दिवसापर्यंत दूध देतेय. मग वासरू झालं ते नुसतं हाडंकातडं. उभंच राहिलं नाही बिचारं. ते गेलं त्या दिवशी मामंजी बाभळीशीही न बोलता थेट घरी आले.

म्हणून पुढच्या खेपेला बांडीला सातवा महिना सरताच मोठ्या आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या मालकीणबाई, पदर खोचून उभ्या राहिल्या. दूध आटावं म्हणून पेंड बंद, हिरवा चारा बंद, पुढ्यात कोरडा कडबा. धार आधी एकवेळची केली, मग दिवसाआड. आणि मामंजींना बजावलं, "गाय वितोवर ह्या घरात माय म्हणायचं न्हाई. ऐकू आलं तर गाय माझ्या भावाकडं अणदूरला धाडीन. तिथं तरी वासरू जगंल."

"अगं माय, मग बोलायचं तरी कसं?"

"बघा! लगेच म्हणलात!"

मामंजींना रात्रभर झोप नसावी, कारण सकाळी तोडगा तयार होता. आमच्याकडं निम्मं गाव कानडी बोलतं. ते सगळ्यांना "अव्वा", म्हणजे कानडीतली माय, म्हणू लागले. "अव्वा, नीरु कोडु," म्हणून माझ्याकडं पाणी मागितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. संध्याकाळी बघते तर बांडीची कास तट्ट फुगलेली!

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, आळंदच्या बाजारातनं आणलेली गाय ती! जन्मल्यापासनं कानडीच ऐकत आली आसंल!"

मग राहिली उर्दू. शाळेत शिकलेली, तिचं सोनं झालं. बायका सगळ्या खाला, म्हणजे मावशी, झाल्या; माळिणीलासुद्धा "खाला, वांगी ताजी हैं क्या?" असं सुरू झालं. शेजारचे शिंपीकाम करणारे चाचा कुंपणावरून म्हणाले, "क्या जी, गाय कू बी उर्दू पढा रैं क्या?"

"पढवत न्हाई मियाँ, चकवतोय!"

दिवसभर तोंडात अडकलेले माय घेऊन मामंजी दिवेलागणीआधी ओढ्यापलीकडं जायचे आणि तिथं म्हशीवाल्या, वाटेनं जाणाऱ्या बायांशी मनसोक्त बोलून, मोकळे होऊन यायचे. मला मात्र खाला म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं. मला ते "सूनबाई" म्हणू लागले. शब्द काही वाईट नाही. पण तो ऐकला की मला उगीच वाटायचं, आपण ह्या घरी पाहुण्या आहोत. आत्तापर्यंत मायच्या आवाजात माहेर किती विसरलं होतं, ते तेव्हा कळलं.

हळूहळू कास सुरकुतली, दूध आटलं. बांडीच्या अंगावर तजेला आला. आणि एका सकाळी ती व्याली. कालवड! पाय फाकवून, दोनदा नाकावर आपटून, तिसऱ्यांदा उठली ती थेट आईच्या कासेला भिडली. मामंजी गोठ्याच्या मेढीला धरून उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, डोळे आत्याबाईंकडं.

"म्हणा आता," आत्याबाई म्हणाल्या.

"सोड गं माय!" मामंजी असे ओरडले की चाचा कात्री हातात घेऊनच पळत आले.

थोड्या वेळानं मामंजी चिकानं भरलेली चरवी घेऊन चुलीशी आले. "घे माय, खरवस लाव." मी चरवी घेतली आणि धूर नसताना धुरावर कुरकुरत डोळे पुसले.

मामंजी गेले, त्या कालवडीच्या नातींची वेतं झाली. आता सुना, नाती मला आजी म्हणतात, बाहेरची माणसं मावशी म्हणतात. परवा येरमाळ्याच्या बसमध्ये एक म्हातारबा म्हणाले, "सरक की माय जराशी." मी नुसती सरकले नाही. खिडकीची जागाच देऊन टाकली.