ओळीखालचं बोट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या सोबत्यांबरोबर वर्षानुवर्षं एकाच डब्यातलं खाल्लं त्यांनाही नाही. गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो, तेव्हा लाखनीला निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं यथासांग. एका वक्त्याने सांगितलं की या गुरुजींच्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाला वाचता येत नाही, असं झालेलं नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

तुम्हाला सांगतो, कारण तुमचं-माझं काही देणं-घेणं नाही. ओळखीच्या माणसाला सांगायला गेलो, तर तो लगेच समजूत घालायला लागेल. मला ती नको आहे.

सुरुवात कुठून करू? शाळेपासून करतो. दिघोरीच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय — दोन खोल्या, दोन शिक्षक, चौथीपर्यंतची मुलं. दुसऱ्या शिक्षकापेक्षा माझ्याकडे कागद तेवढे जास्त. या गोष्टीला अठरा वर्षं झाली.

त्या काळात शाळांना श्रेणी देण्याची टूम निघाली होती. पथक यायचं, मुलांना वाचायला लावायचं आणि अ, ब, क, ड ठरवून जायचं. खालच्या श्रेणीतल्या शाळेला तीन महिन्यांसाठी जादा शिक्षक मिळणार होता. न वाचणाऱ्या मुलांना वेगळं बसवून शिकवायला. योजना चांगली होती, मी आजही म्हणतो. फक्त ती मदत हवी असेल तर आधी तालुक्याच्या सभेत आपल्या शाळेचं नाव 'ड'मध्ये मोठ्याने वाचलं जाणार, आणि आपण उभं राहून खुलासा द्यायचा. कोण उभं राहील? मी तर नाहीच. माझं अक्षर वळणदार, दप्तर चोख, असा लौकिक होता. तो मला फार प्यारा होता — हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

चौथीत शालू नावाची मुलगी होती. आईबरोबर धानाच्या रोवणीला जायची, मग कापणीला, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहायची. चौथीत आली तरी तिला अक्षरं लागत नव्हती. 'क' ओळखायची, 'म' ओळखायची, दोन्ही शेजारी आली की गप्प व्हायची. पण पाठांतर! एकदा ऐकलेली कविता ती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी म्हणून दाखवायची.

आता, तपासणीच्या दिवशी अशा मुलाला घरी ठेवायचं, ही सगळ्यांची रीत होती. "उद्या येऊ नको बेटा," एवढं म्हटलं की झालं. पण पथकवाले काही दूधखुळे नव्हते, ते हजेरीपट आधी बघायचे. आणि एक गोष्ट सगळ्या शाळांना माहीत होती: पथक कधीही पुढच्या मुलाला उठवत नाही. शेवटच्या रांगेतल्या, कोपऱ्यातल्या, अंग चोरून बसलेल्या मुलाला उठवतं. ते मूल वाचलं की शाळा वाचते, असा त्यांचा हिशेब.

मग मी काय केलं असेल?

शालूला शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात बसवलं. तिच्याकडून मुंगीचा धडा पाठ करून घेतला. आठ दिवस, रोज जेवणाच्या सुट्टीत. ते पुस्तक त्या पानावर उघडून पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्याखाली दाबून ठेवलं, म्हणजे कोणीही हातात घेतलं तरी तेच पान उघडावं. धडा तिने दोन दिवसांत पाठ केला, पण म्हणताना तिची नजर वर कौलांकडे जायची. वाचणारं मूल कौलांकडे बघत नाही. म्हणून मी तिला ओळीखालून बोट फिरवायला शिकवलं. शब्दाबरोबर बोट सरकवायचं. ओळ संपली की थांबायचं, मग खाली यायचं. आणि मध्ये एकदा अडखळायचं. हे माझ्या डोक्यातून निघालेलं — धडधडा वाचलं तर संशय येतो. 'साखरेचा' या शब्दाला थांबायचं, 'साख… साखरेचा' असं म्हणायचं.

"मले येत नाई जी गुरुजी," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. मी म्हणालो, "येते. बोट सरकव."

पथक आलं. साहेबांनी शेवटच्या रांगेकडे बोट केलं. पुस्तक उघडलं, पान तेच निघालं. शालूने वाचलं. बोट सरकलं, थांबलं, खाली आलं, 'साखरेचा'ला अडखळलं. साहेब खूश झाले. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "शाब्बास!" तिच्या तोंडावर जे हसू आलं होतं ते मला अजून दिसतं. तिला वाटलं असेल का, की वाचणं म्हणजे हेच असतं? मी कधी विचारलं नाही.

शाळा 'अ' श्रेणीत आली. जादा शिक्षक शेजारच्या गावी गेला, तिथली मुलं वाचायला लागली. शालूला मी दिवाळीनंतर शिकवणार होतो, मग संक्रांतीनंतर, मग परीक्षा आली. ती पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली आणि थोड्याच दिवसांत तिची शाळा सुटली, असं कानावर आलं. मला पुढे बढती मिळाली. मी केंद्रप्रमुख झालो, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा. दुसऱ्या शाळांत जाऊन मुलांना वाचायला लावणारा.

इथे थांबता आलं असतं. जुनी चूक, सांगून टाकली, संपलं. पण ती संपली नाही.

नोकरीचं शेवटचं वर्ष. हायवेच्या पलीकडची एक शाळा बंद करून अलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवायची, असं वरून आलं होतं. मुलं थोडी, शिक्षक ठेवणं परवडत नाही, वगैरे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. समिती म्हणजे मुलांचे आईबापच. मी ठराव कार्यालयातून छापूनच नेला होता, गावाच्या नावाची जागा तेवढी रिकामी. अशीच पद्धत आहे.

समितीची अध्यक्ष उठून पुढे आली. "वळखलं का गुरुजी? मी शालू." त्या गावात दिलेली, मुलगी पहिलीत. मग माझ्याकडे हात करत ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "मले वाचाले यायनंच शिकवलं."

चर्चा झाली. लोक समजूतदार होते. तिसरी-चौथीची मुलं मोठ्या शाळेत जातील, पण पहिली-दुसरी इथेच राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. "एवढाले ट्रक चालून राहिले हायवेनं," एक म्हातारा म्हणाला, "लहान लेकरं कशी ओलांडतीन?" मी म्हणालो, बरोबर आहे. सगळ्यांचं ठरलं. मी नवा ठराव लिहायला हवा होता. मी पिशवीतून छापील काढला. त्यात पूर्ण शाळा मोठ्या शाळेत मिळवण्यास गावाची हरकत नाही, असं होतं. संध्याकाळपर्यंत तो कार्यालयात पोचवायचा होता.

आणि तो मी शालूच्या हातात दिला. "वाचा, अध्यक्षबाई."

का दिला? मीच वाचून सह्या घेऊ शकलो असतो, नेहमी तसंच करायचो. पण मला बघायचं होतं. मधल्या वर्षांत कुठे तरी, कोणाकडून तरी ती वाचायला शिकली असेल, तर मी सुटलो. ठराव हाणून पाडला असता तरी चाललं असतं मला. खरंच चाललं असतं.

तिने कागद समोर धरला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"तिसरी नं चौथी मोठ्या शाळेत जाईन," ती म्हणाली. बोट सरकत होतं. ओळ संपली, बोट थांबलं, खाली आलं. "पहिली नं दुस… दुसरी इथंच राहीन."

आत्ताच जे ठरलं होतं ते ती म्हणत होती, शब्दन् शब्द. अडखळली तीसुद्धा ठरलेल्या जागी, मध्यावर. शाळेचे शिक्षक खिडकीबाहेर बघू लागले. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सगळ्यांसमोर तिची फजिती होईल म्हणून गप्प राहिलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. ती वाचू शकत नाही हे उघडं झालं असतं, तर तिला कोणी शिकवलं हे आत्ताच तिने सगळ्यांना सांगितलेलं होतं.

मी म्हणालो, "शाब्बास."

खाली सगळ्यांनी सह्या केल्या. अध्यक्षांनी मोठ्याने वाचून दाखवल्यावर पुन्हा कोण वाचत बसतो? शालूला सही छान येते.

शाळा उघडायच्या दिवशी कुलूप होतं. पहिलीपासूनची सगळी मुलं हायवे ओलांडून जायला लागली. तोवर मी निवृत्त झालो होतो. आठवड्याभराने शालू लाखनीला माझ्या घरी आली. पोरीला हायवे ओलांडून शाळेत सोडून, तशीच. गावातले लोक तिला बोलत होते — तूच वाचलं, तूच सही केली. बायकोने चहा ठेवला. शालू खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्याजवळच टेकली.

ती भांडायला आली असेल असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"गुरुजी," ती खाली बघत म्हणाली, "माह्याच वाचण्यात काही चूक झाली असन."

तिला माहीत होतं. मला माहीत होतं. मला माहीत आहे हेही तिला माहीत असणार, कारण ते बोट मीच धरून सरकवलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती मला वाट करून देत होती.

मी म्हणालो, "होते असं कधी कधी."

तिने चहा घेतला, कप विसळून ठेवला, "येतो, गुरुजी" म्हणाली आणि पोरीची शाळा सुटायच्या आत हायवेवर पोचायचं म्हणून लगबगीने निघून गेली.