कललेली बाहुली

न्यूरेम्बर्गच्या नदीकाठच्या गल्लीत वाल्बुर्गा मेणाच्या बाहुल्या करायची. मुलींना घर कसं चालवायचं ते शिकवायला त्या काळी श्रीमंतांकडे कपाटाएवढी खेळघरं असत. त्यातली बोटभर माणसं हिच्या हातची. चेहरे ती घडवी, कपडेही तीच शिवी आणि काम करता करता बाहुल्यांशी भांडायचीसुद्धा. नवरा गेल्यावर दिराने दुसऱ्या लग्नाचा धोशा लावला, तेव्हा म्हणाली, "घर भरलंय माझं. शिवाय ही माणसं जेवायला मागत नाहीत!"

एका उन्हाळ्यात मसाल्याचा व्यापारी हिएरोनिमस याच्या बायकोने, साबिनाबाईंनी, लेकीच्या खेळघरासाठी आपलंच कुटुंब, नोकरमाणसांसकट, घडवायला सांगितलं. त्यांची स्वयंपाकीण कुनिगुंडा काहीतरी निमित्त काढून रोज आपली बाहुली बघायला डोकावायची.

"माझं नाक जरा आवर गं!"

"आवरलं तर रस्सा करपलेला कळायचा कसा तुला?"

बाहुल्या तयार झाल्या. रंग वाळायला वाल्बुर्गाने नवरा-बायको खिडकीत शेजारी शेजारी ठेवले आणि ती पाण्याला गेली. विहिरीवर गप्पा रंगल्या. परत येऊन बघते तर खिडकीत ऊन आलेलं, मेणाच्या साबिनाबाईंची मान मऊ पडून डोकं नवऱ्याच्या खांद्यावर चिकटलेलं! आणि दारात खरे नवरा-बायको उभे.

वाल्बुर्गाचं तोंडच उतरलं. "ऊन लागलं, बाईसाहेब. नवी करून देते."

साबिनाबाईंनी बाहुल्यांकडे निरखून पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. "अगं, इतकी वर्षं संसार केला, पण चारचौघांत असं टेकायची माझी छाती झाली नाही. या बाहुलीने एका दुपारात करून दाखवलं!"

हिएरोनिमस कडक शिस्तीचा माणूस. त्याचे कान लाल झाले. "पोरगी बघेल ना."

"बघू दे की. घर कसं चालतं हेच शिकायचंय ना तिला?"

त्याने वाकून बाहुल्या पाहिल्या. मग वाल्बुर्गाकडे वळून हळूच म्हणाला, "राहू दे तशीच. फक्त खांद्याला थोडा आधार दे. पडायला नको ती."

कुनिगुंडाच्या तोंडून ही गोष्ट गावभर झाली. नाताळच्या आधी बायका वाल्बुर्गाकडे कललेल्या जोड्या मागायला लागल्या. एकीने तर बायकोपुढे मान खाली घातलेल्या नवऱ्याची जोडी मागितली. वाल्बुर्गाने तीही हसत हसत करून दिली.