कोऱ्या पात्यांचा धनी

चाकूरावांच्या कपाटात साठ-सत्तर चाकू होते आणि स्वयंपाकघरात एक धड सुरी नव्हती. यात त्यांना काहीच वावगं वाटत नसे. त्यांची बायको टोमॅटो चिरण्याआधी सुरी कपाच्या बुडावर घासून घ्यायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती एकदा म्हणाली होती, "त्यातला एखादा द्या की." तेव्हा त्यांनी असा काही चेहरा केला की बिचारीने पुन्हा विषय काढला नाही.

चाकू सगळे घडीचे, खिशात मावणारे. शिंगाच्या मुठीचे, हाडाच्या मुठीचे, किल्लीएवढे, चष्म्याच्या डबीएवढे. काही तर नुसते चाकू नव्हते, चालतीबोलती वर्कशॉपं होती: करवत, कात्री, कानस, भिंग, दात कोरायची काडी, आणि एक आकडा, ज्याचा उपयोग खुद्द मालकालाही ठाऊक नव्हता. दर रविवारी पलंगावर जुनी चादर पसरून हा सगळा दरबार भरायचा. एकेक पातं उघडायचं, मऊ फडक्याने पुसायचं, बिजागरीत तेलाचा थेंब सोडायचा, 'टक' असा आवाज ऐकून खूश व्हायचं आणि परत ठेवायचं. कापायचं मात्र काहीही नाही. कापलं की पातं बाटलं. धार आहे हे माहीत असणं पुरेसं, ती वापरून बघणं हा अडाणीपणा, असं त्यांचं मत होतं आणि ते न विचारताही ऐकायला मिळायचं.

नोकरीही देवाने बघूनच दिली होती. रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. त्यांच्या खिडकीतून पक्कड मिळवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. फिटर उभा राहून राहून कंटाळायचा, तेव्हा कुठे पक्कड बाहेर यायची, आणि तीही सगळ्यात जुनी, जबडा ढिला झालेली. "आधी जुना माल, मग नवा," हा तिथला नियम होता, आणि चाकूरावांनी तो असा काही पाळला की नव्याची पाळी कधी यायचीच नाही. मागच्या फळीवर नव्या पकडी कागदात गुंडाळून वर्षानुवर्षं सुखाने नांदत होत्या. चाकूराव हे नावही त्यांना कारखान्यानेच दिलं होतं, खिशात सदा चाकू असायचे म्हणून.

तर हे गृहस्थ रोज दोन चाकू घेऊन बाहेर पडत. उजव्या खिशात मानाचा, डाव्या खिशात राबता. राबत्याचं काम पार्सलची सुतळी कापणं. मानाच्याचं काम खिशात असणं.

बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. संध्याकाळी चाकूराव तिला स्कूटरवरून घरी आणत. त्या दिवशी उजव्या खिशात नवाकोरा चाकू होता, परवाच आलेला, काळ्या शिंगाच्या मुठीचा. सिग्नलला थांबून थांबून त्यांनी त्याचं वर्णन तिला दोनदा ऐकवलं होतं. तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि तेवढ्यात मागून नुसता घशात अडकलेला आवाज आला. तिची ओढणी मागच्या चाकात गेली होती.

स्कूटर हळू होती म्हणून निभावलं. दोघंही आडवी झाली. चाक थांबलं, पण ओढणी चाकाच्या आसाभोवती घट्ट पिळली गेली होती आणि दुसरं टोक तिच्या गळ्याभोवती आवळलेलं. तिची मान चाकाकडे ओढलेली, चेहरा काळानिळा, बोटं ओढणीत घुसवायची धडपड चाललेली. ती नवऱ्याकडेच बघत होती. आणखी कोणाकडे बघणार?

चाकूरावांचा हात उजव्या खिशात गेला. नवा चाकू निघाला, उघडलाही. पातं लखलखीत, बनवणाऱ्याने लावलेल्या तेलाचा थर अजून तसाच. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चाकूची घडी घातली, तो परत खिशात ठेवला, वरून चाचपून नीट बसल्याची खात्री केली, आणि डाव्या खिशात हात घातला. राबता चाकू जुना, बिजागरी अडलेली. नख तुटलं, दुसऱ्या बोटाने ओढावं लागलं, शेवटी दातांनी धरून पातं बाहेर काढलं. मग ओढणी कापली. बायको रस्त्यावर पडून श्वास ओढू लागली.

डॉक्टरांनी गळ्यावरचा वळ बघून सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. आतून सूज आहे, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही.

झालं, चाकूरावांना रान मोकळं मिळालं. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि प्रत्येकाला मीठमसाला लावून तीच कथा. "लोक हसायचे मला, चाकू कशाला बाळगता म्हणून. आता बोला," असं म्हणून ते सगळ्यात जास्त हसणाऱ्या मेव्हण्याकडे बघत. मेव्हण्यानेही मान खाली घातली. "क्षणाचाही विचार केला नाही मी. हात खिशात, चाकू बाहेर, खलास." मावससासूने तर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कपाट उघडून संग्रह दाखवला गेला. ज्यांनी आजवर नाकं मुरडली, ते 'वा वा' करत होते. चाकूरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायको उशीला टेकून, गळ्याला पट्टी बांधून, सगळं ऐकत होती.

आठवड्याने डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. मेव्हणा त्या दिवशीही आलेला होता. कथा पुन्हा झाली, मेव्हणा गेला, चाकूराव दार लावून खोलीत आले.

"पहिला आत का ठेवलात?" बायको म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होते.

घाईत कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण घाईत माणूस खिसा चाचपून बघत नाही, आणि ते तिने पाहिलं होतं. चाकूराव पलंगाच्या कडेला बसले.

"सवय आहे गं हाताला," ते कसेबसे म्हणाले. "जुनं आधी काढायची."

"तुमच्या हाताला असेल," ती म्हणाली. "माझ्या गळ्याला नव्हती."

ते काहीतरी पुढे बोलणार होते, पण तिने भिंतीकडे तोंड केलं आणि दिवा घालवायला सांगितलं.