माजघरातल्या मशीनची बदली

आमच्या माजघरात एक जुना कॉम्प्युटर अखंड चालू असायचा. त्याच्यावर मराठी शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्राम तयार व्हायचा. प्रोग्राम कुणाच्या मालकीचा नाही. ठिकठिकाणची हौशी माणसं त्यात फुकट भर घालतात. कुणी एखादा शब्द घातला की हे मशीन आपलं आपण सगळं तपासून नवी आवृत्ती बांधायचं. सुरुवातीला असं मशीन सांभाळायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मी, शाळेतली गणिताची बाई, छाती ठोकून म्हणाले होते, "माझ्याकडं ठेवा." आमच्या सेलूत लाईट किती वेळा जाते हे त्या बाईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बाईला मिरवायचं होतं.

लाईट गेली की मशीन बंद. मग पुण्याहून एका मुलीचा फोन. ती मूळची पालमची, तिकडं नोकरीला, आणि या प्रोग्रामची सगळी व्यवस्था तीच बघते.

"आजी, मशीन झोपलं वाटतं."

"मशीन कशाला झोपंल? लाईट गेलीय. मी जागीच हाय."

लाईट आली की मी बटण दाबायची, आणि ते सुरू होईस्तोवर आमच्या चार गोष्टी व्हायच्या. आमचे हे गेल्यापासून, अन् मुलं परगावी असल्यानं, कित्येक दिवस तेवढंच बोलणं. लाईटवाल्यांना गल्ली शिव्या द्यायची. मी मनातून आशीर्वाद देत होते.

यंदा तिनं ठरवलं, हे बांधणीचं काम कंटेनरमध्ये न्यायचं. म्हणजे लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरायचं; तो डबा कुठल्याही मशीनवर उघडला तरी काम तसंच व्हावं. डब्यातले थर समजावताना ती अडखळली. मी म्हणलं, "उतरंड गं. क्वचित लागतं ते तळाच्या मडक्यात, रोजचं वर. म्हणजे रोज सगळी उतरवावी लागत न्हाई."

"आजी, हे मी आता सगळ्यांना सांगणार."

मी फुगले. आपल्याच निरोपाचा हार आपण ओवतोय, हे नंतर ध्यानात आलं.

डबा भरला, पण काम होईना. शब्दांची यादी अजून माझ्याच मशीनवर तयार होत होती, आणि ती हातात पडताच कंटेनर कुरकुरायचा : ही फाइल पुढच्या वेळेची आहे. म्हणजे अजून जन्माला यायची आहे. मुलगी चक्रावली. मला वाचताक्षणी कळलं.

आमच्या घरातली सगळी घड्याळं पुढं आहेत. यांना ऑफिसला परभणीची गाडी गाठायची असायची, आणि हे निवांत गडी. तेव्हा माझ्यातल्या शिस्तखोर बाईनं भिंतीवरचं, मनगटावरचं, सगळी पुढं केली. कॉम्प्युटर आला, त्याचंही केलं. तो आपोआप वेळ सुधारून घ्यायचा, तर ती सोयही बंद केली. त्याला कुठली गाडी पकडायची होती, देव जाणे. यांना तर घड्याळं किती पुढं आहेत हे पाठच होतं. तेवढं वजा करून ते आरामात चहा प्यायचे.

हे मी त्या पुण्याच्या मुलीला सांगितलं नाही. ती रोज फोन करायला लागली होती.

"आजी, मशीनमधी कधी काही बदललं होतं का हो?"

"आठवत न्हाई बाई. वय झालं."

वयाचा इतका चांगला उपयोग मी आजवर केला नव्हता.

मग एकदा ती दमून म्हणाली, "या शनिवारी पण गावाकडं जाणं व्हईना. आई रुसलीय. म्हणती, तू येणार म्हणून धपाटे करती, अन् दोघींचे मीच खाती."

पालमच्या त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. पण दोघींचे धपाटे एकटीनं खाताना घास तोंडात कसा फिरतो, ते मला कुणी सांगायला नको.

"अगं," मी म्हणाले, "मशीनचं घड्याळ बघ."

तिला पुण्यातूनच माझ्या मशीनमध्ये शिरता यायचं; फोनवर जरा वेळ नुसती कळांची टकटक. मग ती हसायला लागली.

"आजी, हे कुणी केलं?"

"होती एक शहाणी."

"अन् तुमाला आत्ता आठवलं?"

"आत्ता."



तिनं तिथूनच वेळ सुधारली. मग यादीही डब्यातच तयार व्हायला लागली. तो डबा आता कुठल्याशा दूरच्या मशीनवर चालतो; तिथली लाईट जात नाही म्हणे. शनिवारी ती पालमला निघाली आणि मी मशीन बंद केलं. पंख्याची घरघर थांबली तेव्हा शेजारणीची भांडी घासल्याचा आवाज स्पष्ट यायला लागला.

रविवारी दुपारी तिला फोन लावावासा वाटला. पण काय झालं म्हणून तिनं विचारलं असतं तर सांगायला काही नव्हतं, आणि ती आईसमोर जेवायला बसली असणार. मी फोन चार्जिंगला लावला. तसा तो भरलेलाच होता.