सिंहात अडकलेला बाप

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला कुणाला काही विचारावं लागत नाही.

आमची चिऊ दुसरीत. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत तिला सिंह व्हायचं होतं. बायको, म्हणजे मानसी, म्हणाली, "पुठ्ठ्याचा मुखवटा कापू, रंगवू, मागे इलॅस्टिक लावू. झालं." पुठ्ठा! इंजिनिअरच्या मुलीला पुठ्ठा!

मी चिऊचे ते एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे काढले. त्यांचं तिने एक घर, एक विमान आणि एक दवाखाना केला होता. तिन्ही पाडले. (विकास म्हटला की थोडं विस्थापन आलंच!) माप मात्र माझ्याच डोक्याचं घेतलं, कारण चिऊ एका जागी बसत नव्हती. मोठं झालं तर आत टॉवेल कोंबता येतो. हे सगळं मी आधीच ठरवलं होतं!

सिंह भव्य झाला. पिवळा चेहरा, तपकिरी आयाळ, लालभडक जीभ. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा, असे दोन भाग कानाजवळ टक्कन जुळायचे. एकच अडचण होती. ठोकळे सुटत होते. या खेळण्यातला हा मूलभूत दोष इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसा आला नाही, देव जाणे! मी स्पर्धेच्या दिवशी सकाळी प्रत्येक सांध्यात झटपट चिकटणारा गोंद सोडला.

"अहो, वाळू दे तरी," मानसी म्हणाली.

"मला शिकवू नकोस. आधी मी घालून बघतो. पोरीला टोचलं तर?" असं म्हणून या जबाबदार बापाने पुढचा भाग तोंडावर धरला, मागचा लावला आणि दाबला.

टक!

गोंद खरोखरच झटपट होता.

"बाबा, द्या ना आता."

"देतो हं." मी ओढलं. डोकं आलं, मान आली, सिंह जागच्या जागी!

चिऊने भोकाड पसरलं. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्या श्रीवर्धनहून चार दिवस राहायला आल्या होत्या आणि जावयाची हुशारी जवळून बघत होत्या.

"काय झाला गो?"

"यांचं डोकं अडकलं."

"खोबरेल आण."

त्यांनी वाटीभर तेल माझ्या मानेवरून आत सोडलं. आता मी आतून तुळतुळीत आणि बाहेरून इतका निसरडा झालो, की कुणालाच धरता येईना. मग त्या मागच्या दारी गेल्या आणि नारळ सोलायचा कोयता घेऊन आल्या.

"जावय, हलू नका हां. आमच्या वाडीत जल्म गेला माझा. आतल्या खोबऱ्याला कधी धक्का लागला न्हाय."

मी पळालो! आम्ही घरातच होमस्टे चालवतो; अंगणात त्याची गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्यांनी आधी किंचाळून घेतलं आणि मग सेल्फी काढला.

स्पर्धेची वेळ झाली होती. शेवटी चिऊने डोळे पुसले, मानसीचा काळा कोट चढवला, हातात उड्या मारायची दोरी घेतली आणि मला म्हणाली, "चला. मी सर्कसवाली. तुम्ही सिंह."

"अगं, मी एवढा मोठा माणूस..."

"मग माझा मुखवटा द्या!"

मी रिक्षात बसलो.

स्टेजवर चिऊने दोरी आपटली. "बस!" मी बसलो. "ऊठ!" उठलो. "डरकाळी फोड!" मी पूर्ण ताकद लावली, पण तेल घशात गेलं आणि सिंह उचकी देऊन खोकला. हॉल हसून कोसळला! बाईंनी चिऊला पहिलं बक्षीस दिलं आणि माइकवर म्हणाल्या, "सिंहालाही टाळ्या. त्याला फार चांगलं वळण लावलंय."

घरी आल्यावर मानसीने शांतपणे नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापूस भिजवला, कानामागच्या सांध्यावर फिरवत राहिली. थोड्या वेळाने सिंह दुभंगला. माझी अर्धी मिशी त्याच्याकडेच राहिली.

"हे सकाळी का नाही केलंस?" मी ओरडलो.

"तुम्हीच म्हणालात ना, शिकवू नकोस?"

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर फोटो आला. एका आईने विचारलं, "सिंह मस्तच! भाड्याने कुठे मिळतो?"

मानसीने लगेच लिहिलं, "आमच्या घरचाच आहे. असाच घेऊन जा. खातो फार, पण ऐकायला लागलाय."